पक्षी आजारी आहे हे कळतं कधी?

मागचे दोन वीकेंड इथे काही लिहिलं नाही. रिलीज वगैरे काही नव्हतं. पाँग गेला.

पिंग आणि पाँग हे आमच्याकडचे दोन बजरीगर. (नावं कुणी ठेवली हे सांगायला नकोच. नेटवर्किंगवाल्याच्या घरी मिठू कसा येणार?) पुण्यात सगळे त्यांना लव्हबर्ड्स म्हणतात. खरे लव्हबर्ड्स वेगळे, ते आफ्रिकेतले. हे ऑस्ट्रेलियाचे, १८४० मध्ये जॉन गूल्ड नावाच्या पक्षीतज्ज्ञाने जिवंत इंग्लंडात नेले आणि तिथून जगभर पिंजऱ्यांत पसरले. आपला हिरवा, गळ्यात गुलाबी पट्टा असलेला देशी पोपट मात्र घरी ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अनेकांना हे माहीतच नसतं, म्हणून जाता जाता सांगितलं.

तर झालं असं, की साधारण पंधरा दिवस पाँग जरा शांत झाला होता. पूर्वी बोट आत घातलं की थयथयाट करायचा, आता चक्क बोटावर येऊन बसायला लागला. आम्ही खूश! गावी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "गप्प बसायला लागला म्हणजे शहाणा झाला गो तुमचा पोपट." आम्हालाही तसंच वाटलं. संध्याकाळी पिसं फुगवून गोळा होऊन बसायचा. बायकोने त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला, "कापसाचा गोळा" म्हणून. बावीस लाइक्स आले. मग एका गुरुवारी सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी बसलेला दिसला. ऑफिसला दांडी मारून पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टरांनी त्याला हातात उलटा धरला, छातीवरच्या पिसांवर हळूच फुंकर मारली आणि म्हणाले, "हे बघा." मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं होतं. दोन्ही बाजूंना मांसच नाही. काट्यावर वजन भरलं २२ ग्रॅम. चांगला बजरीगर ३०-४० ग्रॅमचा असतो. "हा दोन-तीन आठवडे तरी आजारी आहे."

"पण सर, कालपर्यंत तर दाणे खात होता."

"दाणे सोलत होता. गिळत होता का, ते बघितलंत?"

नव्हतं बघितलं. वाटीत वर टरफलं दिसायची, त्यामुळे आपण समजायचं की जेवण झालं. संध्याकाळी पाँग गेला.

आता माझं पोट ज्या धंद्यावर चालतं तो मॉनिटरिंगचा. सर्व्हर पडायच्या आधी कळलं पाहिजे, पडल्यावर कळून काय उपयोग, हे मी ज्युनियरांना रोज ऐकवतो. आणि घरातल्या दोन फुटी पिंजऱ्यातला आउटेज मला तीन आठवडे दिसला नाही! तेव्हापासून डोक्यात एकच किडा वळवळतोय: पक्ष्याकडे बघून काहीतरी ओळखायचं, हे माणसं शिकली कशी? मग दोन वीकेंड वाचत बसलो. ते वाचलेलं आज तुमच्यापुढे.

पक्ष्याकडे डोळ्यांत तेल घालून बघणारी माणसं इतिहासात सापडतात ती कोळशाच्या खाणीत.

२७ जानेवारी १८९६ रोजी वेल्समधल्या टायलर्सटाउनच्या खाणीत स्फोट झाला. ५७ माणसं गेली. चौकशीसाठी जॉन स्कॉट हाल्डेन नावाचा ऑक्सफर्डचा शरीरशास्त्रज्ञ आला. त्याने प्रेतं तपासली आणि एक विचित्र गोष्ट त्याच्या लक्षात आली. स्फोटात मेलेला माणूस भाजलेला, मोडलेला असायला हवा. इथे बहुतेकांचे चेहरे मात्र गुलाबी होते, जिवंत माणसासारखे. ही माणसं स्फोटाने मेलीच नव्हती. स्फोटानंतर मागे उरलेल्या हवेने, म्हणजे त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने मेली होती. हिमोग्लोबिन हा वायू ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून घट्ट धरून ठेवतं. रक्त लालभडक दिसत राहतं आणि माणूस मात्र आतून गुदमरतो.

हाल्डेन हा अजब माणूस. आदल्याच वर्षी त्याने स्वतः बसून कार्बन मोनॉक्साइड ओढला होता आणि आपल्याला काय काय होतंय त्याच्या नोंदी करत गेला होता. (आमच्याकडे प्रॉडक्शनवर टेस्टिंग केलं तर नोकरी जाते. हा स्वतःवरच करायचा.) या वायूला वास नाही, रंग नाही. डोकं जड होतं, पाय लटपटतात, आणि वाईट भाग असा की विचार करण्याची ताकदच आधी मंदावते, त्यामुळे आपल्याला काही होतंय हे माणसाला उमगतच नाही. म्हणजे जो बिघडलाय त्यालाच "तू ठीक आहेस ना?" असं विचारून उपयोग नाही. दुसरं कुणीतरी हवं.

त्याच्या मुलाचा किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. छोट्या जॅकला तो खाणीत घेऊन गेला आणि छताजवळ मिथेन साचलेल्या जागी त्याला उभं करून शेक्सपियरच्या 'ज्युलियस सीझर'मधलं अँटनीचं भाषण म्हणायला लावलं. थोडं म्हटल्यावर पोराचे पाय गेले, तो खाली पडला. जमिनीलगत हवा चांगली होती, तिथे तो शुद्धीवर आला. मिथेन हवेपेक्षा हलका असतो, हे तो जन्मभर विसरणं शक्य नव्हतं. हाच पोरगा पुढे जे. बी. एस. हाल्डेन म्हणून मोठा जीवशास्त्रज्ञ झाला, १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला, भारताचं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला. असो.

हाल्डेनने सुचवलं ते इतकंच: खाणीत जाताना एखादा छोटा, गरम रक्ताचा प्राणी बरोबर न्या. प्राणी जितका छोटा, तितकी त्याच्या शरीराची चक्रं जोरात फिरतात, तितका श्वास जास्त, आणि माणसाच्या बऱ्याच आधी त्याच्यावर परिणाम दिसतो. सुरुवातीला उंदीरही होते. पण उंदरात एक गोची होती. त्याला त्रास व्हायला लागला की तो अंग आखडून कोपऱ्यात बसतो, आणि धडधाकट उंदीरही बराच वेळ अंग आखडून कोपऱ्यातच बसलेला असतो. दिव्याच्या मिणमिणत्या उजेडात फरक काय कळणार? कॅनरी दांडीवर बसते. दांडीवर तोल सांभाळावा लागतो. वायू लागला की ती पिसं फुगवते, डुलायला लागते आणि शेवटी खाली पडते. अमेरिकेच्या ब्यूरो ऑफ माइन्समध्ये जॉर्ज बरेल याने उंदीर आणि पक्षी यांच्यावर रीतसर चाचण्या घेतल्या आणि १९१२ मध्ये निष्कर्ष छापले. कौल कॅनरीच्या बाजूने.

मला यातली दांडी फार आवडली. सगळं श्रेय पक्ष्याला देतात, पण खरा इंटरफेस दांडी आहे.

पक्ष्याच्या फुफ्फुसांचीही यात कामगिरी आहेच. आपण हवा आत घेतो आणि त्याच वाटेने बाहेर सोडतो. पक्ष्यांच्या अंगात हवेच्या पिशव्या असतात आणि फुफ्फुसातून हवा एकाच दिशेने वाहत राहते, श्वास घेतानाही आणि सोडतानाही. उंच उडताना ही व्यवस्था झकास. हवेत विष असेल तर तेही तितक्याच कार्यक्षमतेने आत.

कॅनरीच का, चिमणी का नाही? कारण ती घराघरांत होतीच. कॅनरी बेटांवरून युरोपात आलेला हा पक्षी गाण्यासाठी पाळला जायचा. जर्मनीच्या हार्त्स डोंगरातलं सांक्ट आंद्रेआसबेर्ग हे खाणीचं गाव तर कॅनरी पैदाशीसाठी प्रसिद्ध होतं. खाणकामगारांची कुटुंबं जोडधंदा म्हणून गाणाऱ्या कॅनरी वाढवायची. पक्षी सांभाळायचा कसा, हे या लोकांना शिकवायची गरज नव्हती.

ब्रिटिश खाणींत १९११ पासून कॅनरी ठेवणं नेमाचं झालं. "पक्षी मेला की पळा" अशी आपली समजूत असते. पण पक्षी मरेपर्यंत थांबणं हा त्या पद्धतीचा पराभव होता. डुलायला लागला की निघायचं. त्यासाठी बघता यायला हवं, सतत बघायला हवं. मँचेस्टरच्या विज्ञान आणि उद्योग संग्रहालयात एक पिंजरा आहे. छोटी धातूची पेटी, समोर जाळी लावलेलं गोल दार, आणि वर मुठीच्या जागी ऑक्सिजनचा लहानसा सिलिंडर. कॅनरी डुलली की दार बंद करायचं, झडप उघडायची, पेटीत ऑक्सिजन भरायचा आणि ती शुद्धीवर यायची. दिवसभर शिट्ट्या मारून ज्याच्याशी बोलायचं, त्याला तिथेच टाकून कसं पळणार?

पहिल्या महायुद्धात शत्रूच्या खंदकांखाली बोगदे खणणाऱ्या पलटणींनीही कॅनरी आणि उंदीर नेले. एडिनबरा किल्ल्यातल्या युद्धस्मारकात त्यांचं दगडात कोरलेलं शिल्प आहे, खाली "बोगदेवाल्यांचे मित्र" अशा अर्थाची ओळ. ब्रिटनमध्ये शेवटच्या दोनशेहून अधिक कॅनरींच्या जागी इलेक्ट्रॉनिक यंत्रं आणायचा निर्णय १९८६ मध्ये झाला. आणि त्यानंतरही, टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन वायूचा हल्ला झाल्यावर २२ मार्च १९९५ रोजी जपानी पोलिस त्या पंथाच्या ठाण्यांवर छापा घालायला गेले, तेव्हा त्यांच्या हातात पिंजरे होते. पिवळ्या कॅनरीचे.

इथपर्यंत वाचून माझी पंचाईत झाली. कॅनरी मिनिटांत सांगते, मग पाँगने तीन आठवडे का नाही सांगितलं?

उत्तर माझ्या मते असं. वायू इतका झपाट्याने चढतो की लपवायला सवडच मिळत नाही. हळू चढणाऱ्या आजारात मात्र पक्षी लपवतो. थव्यात जो वेगळा दिसतो त्यालाच ससाणा उचलतो, म्हणून आजारी पक्षी शेवटची ताकद वापरून बाकीच्यांसारखा दिसत राहतो, असं पक्ष्यांचे अभ्यासक सांगतात. ती ताकद संपली की एका दिवसात सगळं दिसतं आणि घरचे म्हणतात, "अहो, कालपर्यंत चांगला होता!"

आणि हे लपवणं माणसाच्याही जिवावर बेतलेलं आहे. १८७९ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या उस्टर गावी याकोब रिटर नावाच्या डॉक्टरच्या भावाच्या घरात सात जणांना विचित्र न्यूमोनिया झाला, तिघे दगावले. रिटरचा संशय घरातल्या परदेशी पक्ष्यांवर गेला. १८९२ मध्ये पॅरिसमध्ये हाच प्रकार, दक्षिण अमेरिकेहून आलेल्या पोपटांबरोबर. नाव पडलं सिटॅकोसिस, साध्या भाषेत पोपटताप.

१९२९ च्या नाताळात अमेरिकेत पोपट ही फॅशनेबल भेट होती. मेरीलँडमधल्या ॲनापोलिसच्या एका कुटुंबात असा एक पोपट आला, नाताळच्या आदल्या दिवशी मेला, आणि जानेवारीत घरातले तिघे अंथरुणाला खिळले. ते वाचले, पण देशभरातून तशाच बातम्या येऊ लागल्या. अमेरिकेत १६९ रुग्ण नोंदले गेले, त्यातले ३३ गेले. राष्ट्राध्यक्ष हूवर यांनी २४ जानेवारी १९३० ला पोपटांच्या आयातीवर बंदी घातली. वॉशिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत चार्ल्स आर्मस्ट्राँग आणि त्यांचा मदतनीस हेन्री अँडरसन आजारी पोपटांवर काम करत होते. अँडरसन फेब्रुवारीत त्याच तापाने वारला. आर्मस्ट्राँगही पडले, बऱ्या झालेल्या रुग्णाच्या रक्तातला सीरम टोचून वाचले. शेवटी संचालक मॅकॉय यांनी प्रयोगशाळेतले पक्षी-प्राणी स्वतः मारले आणि इमारत सायनाइडच्या धुराने धुऊन काढली.

गोष्ट इथे संपत नाही. परदेशी पोपट बंद झाले तरी कॅलिफोर्नियात लोक आजारी पडतच राहिले. कार्ल मेयर या शास्त्रज्ञाने माग काढला तो अंगणाअंगणातल्या पिंजऱ्यांत पोचला. मंदीच्या काळात घरी बसल्या चार पैसे मिळावेत म्हणून लोक बजरीगर वाढवून विकत होते. (तिथेही ते लव्हबर्ड्स म्हणूनच खपत!) हे पक्षी टुणटुणीत, खाणारे, किलबिलणारे. मेयरने त्यांना उघडून बघितलं तर कित्येकांची प्लीहा सुजलेली. आजार आत होता, बाहेर काहीच नाही. खोक्यांत कोंबून, उपाशीतापाशी प्रवास घडला की दबलेला जंतू उसळायचा आणि विष्ठेच्या वाळलेल्या धुळीतून माणसाच्या फुफ्फुसात जायचा. पुढे १९३०च्या दशकातच मॅकफार्लेन बर्नेट यांना ऑस्ट्रेलियात रानातल्या पोपटांमध्येही हाच जंतू सापडला. म्हणजे दुकानांनी तो तयार केला नव्हता, फक्त त्याला उसळायला जागा दिली. आज यावर टेट्रासायक्लिन गटातली औषधं आहेत, वेळेत कळलं तर माणूस आणि पक्षी दोघंही बरे होतात. घरी पक्षी असेल आणि लांबलेला ताप-खोकला झाला, तर डॉक्टरांना पक्ष्याबद्दल आपणहून सांगा. ते विचारतीलच असं नाही.

पाँगला काय झालं होतं ते नक्की कळलं नाही. डॉक्टरांनी सिटॅकोसिसची शंका बोलून दाखवली, पिंगलाही औषध सुरू केलं आणि पिंजरा साफ करताना मास्क लावायला सांगितलं. मग मला बसवून त्यांनी जे शिकवलं, ते हाल्डेनने शिकवलेल्यापेक्षा अवघड आहे. इथे एकच एक खूण नाही. पिसं फुगवणं म्हणजे आजार, असंही नाही. झोपताना, थंडीत सगळेच फुगवतात. एका पायावर उभा राहून पिसं फुगवून झोपलेला पक्षी बहुधा मजेत असतो. भर दुपारी, दोन्ही पायांनी दांडी घट्ट धरून, डोळे अर्धे मिटून फुगलेला दिसला तर उठायचं. झोपेआधी चोच करकर घासतो ते समाधान. श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलते ती दमणूक. पिंग आरशासमोर मान हलवून दाणे ओकतो ते प्रेम (आरशातल्या स्वतःवरचं). डोकं झटकत ओकतो आणि चेहऱ्याची पिसं चिकट होतात तो आजार. रानटी पक्षी अचानक माणसाळला, तर लाइक्स मोजत बसायचं नाही.

आणि नॉनस्टिक तवा. रिकामा गॅसवर तापत राहिला तर त्यावरच्या थराचा जो धूर निघतो, तो आपल्याला जाणवतही नाही आणि शेजारच्या खोलीतला पक्षी काही मिनिटांत मरू शकतो. ते ऐकून मी घरी आलो आणि पिंजरा स्वयंपाकघराच्या दारातून उचलून बेडरूमच्या खिडकीत टांगला. १८९६ मधला हाल्डेन आमच्या ओट्यापर्यंत आला होता तर.

डॉक्टरांचा शेवटचा सल्ला साधा होता: रोज सकाळी, दाणे घालायच्या आधी, वजन करा. पक्षी चेहरा लपवतो, पिसांखाली हाडं लपवतो, टरफलं टाकून भूक लपवतो. ग्रॅम लपवता येत नाहीत. म्हणून दागिन्यांचा असतो तसा छोटा काटा आणला, त्यावर एक दांडी चिकटवली. बायकोने वही केली, मी अर्थातच स्प्रेडशीट. पिंगला पहिले तीन दिवस काटा अजिबात मान्य नव्हता, चौथ्या दिवशी राळ्याचं कणीस दाखवल्यावर आला.

परवा ३३, काल ३३, आज ३४. आज बोट चावला.